रोडरोलरची लाट

पारावर भिमाजीची एक जागा होती. सातबाऱ्यावर तिची नोंद नव्हती. पण सातबाऱ्यावरच्या जमिनीवरून भावकीत दावे चालू होते आणि या जागेवरून एकही नव्हता, यावरून ती किती पक्की होती ते समजावं. लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून उगवतीकडं तोंड करून बसलं, की दुपारपासून दिवस बुडेपर्यंत अंगावर सावली. समोर देऊळ, डाव्या हाताला चहाचं हॉटेल, आणि गावात येणारा प्रत्येक माणूस सगळ्यात आधी इथून दिसणार. पाराची दुसरी बाजू मावळतीला. तिथं दुपारभर तोंडावर ऊन आणि वर उसाच्या ट्रॅक्टरांचा फुफाटा. त्या बाजूला विमावाले, सोयरीक मोडायला आलेले पाहुणे आणि आण्णा एवढेच बसत.

आण्णा भिमाजीचा शाळेपासूनचा दोस्त. शाळेतसुद्धा तो उन्हाच्याच बाजूला बसायचा.

गाव भीमेच्या काठावर. तालुका शिरूर, बाजार मांडवगण फराट्याचा, आणि आजारी पडलं की पूल ओलांडून दौंड. त्या वर्षी ग्रामपंचायत लागली आणि गावानं समजूतदारपणा दाखवून सगळ्या जागा बिनविरोध केल्या. फक्त तीन नंबर वॉर्डाची एक जागा अडली. कारण तिथं सर्जेराव मामा होते. मामा इतकी वर्षं मेंबर होते की ग्रामपंचायतीच्या खुर्चीला त्यांच्या बसण्याचा आकार आला होता. कुठलंही काम सांगा, मामा म्हणायचे, "वर सांगितलंय." वर म्हणजे नेमकं कुठं, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. काहींना वाटे शिरूरला, काहींना वाटे पुण्याला, आणि देवभोळी माणसं आभाळाकडं बघत.

मामांच्या विरोधात उभा राहिला सत्यजीत. तिशीतला गडी, रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला, कारेगावात खोली करून राहणारा. मागच्या उन्हाळ्यात वस्तीवरचा डीपी जळाला तेव्हा मामांनी वर सांगितलं आणि सत्यजीतनं वायरमनला मोटरसायकलवर मागं बसवून आणलं. त्या संध्याकाळी भिमाजीच्या विहिरीवरची मोटर चालू झाली आणि भिमाजी सत्यजीतचा झाला.

"पोरगं येतंय बघ निवडून," तो पारावर म्हणाला.

"ईल की," आण्णा उन्हात डोळे बारीक करून म्हणाला, "पर निवडून न्हाई. पडून घरी ईल."

"लावतो का?"

"लाव."

पैशाची पैज दोघांनाही झेपणारी नव्हती आणि मिशीची गावात आधीच दुसऱ्या दोघांनी हरून झाली होती. तेव्हा आण्णानं लिंबाकडं बघितलं. मग भिमाजीच्या पाठीकडं बघितलं.

"तुझा गडी पडला, तर ही जागा माझी. पुढची इलेक्शन लागंस्तवर. तू पल्याड बसायचं."

"आन् आला तर?"

आण्णाच्या घरी पेपर यायचा. तो पहिल्यांदा आण्णा वाचायचा, मग गाव. "आला, तर पाच वर्षं पेपर आधी तुला. घडी न मोडता."

भिमाजीनं हात पुढं केला. हात मिळवायला त्याला पाठ बुंध्यापासून सोडवावी लागली. हात सुटल्याबरोबर त्यानं ती परत टेकवली.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. दारात आलेल्या उमेदवाराला तिथं कुणी नाही म्हणत नाही. माणूस पायरी चढून आला, वाकून नमस्कार केला, आणि आपण तोंडावर "तुला मत देणार न्हाई" म्हणायचं? एवढा रानटीपणा गावाच्या इतिहासात झालेला नव्हता. उमेदवार कुणीही असो, उत्तर एकच: "काळजी करू नका, आपलंच हाय." मामांनाही हेच. सत्यजीतलाही हेच. मागं एकदा चुकून शेजारच्या गावचा उमेदवार दारात आला होता, त्यालाही गावानं आपलंच हाय सांगून चहा पाजून वाटेला लावला होता.

भिमाजी या रीतीतला मुरलेला माणूस. सर्जेराव मामा त्याच्या ओट्यावर आले, गुडघा धरून खाली बसले आणि म्हणाले, "भिमाजी, ही शेवटचीच हाय माझी. शब्द दे." भिमाजीनं पापणीही न हलवता शब्द दिला. मामा गेल्यावर त्याची बायको भागुबाई आतून आली.

"आवो, सकाळधरनं सत्यजीतचं गुण गाताय, आन् मामांना शब्द दिला?"

"मग काय तोंडावर न्हाई म्हनू? म्हातारा मानूस दारात आलता."

"म्हंजी खोटं बोलला."

"खोटं न्हाई. त्याला वळण म्हनत्यात."

इतकं सगळं ज्याला कळत होतं, तोच भिमाजी दुसऱ्या दिवशी सत्यजीतबरोबर प्रचाराला निघाला आणि दारोदारी लोक "आपलंच हाय" म्हणाले तेव्हा त्याला ते अक्षरन् अक्षर खरं वाटलं. आपण म्हणतो ते वळण, लोक म्हणतात तो पाठिंबा.

पहिल्या गल्लीत सगळी घरं आपली निघाली. सत्यजीतनं कंपनीच्या सवयीनं विचारलं, "काका, हा फीडबॅक कन्फर्म धरायचा का?"

"धर," भिमाजी म्हणाला. "साखरबाईनं तर दारापर्यंत पोचवलं. न देणारी बाई उंबऱ्याच्या आतनंच हात जोडती."

दुसऱ्या गल्लीत एकानं चहा दिला, तो भिमाजीनं कुटुंबाची सगळी मतं म्हणून धरला. पुढच्या घरात चहाबरोबर बिस्कीट आलं. ते त्यानं सासुरवाडीसकट धरलं. एका दाराला कुलूप होतं. "बघ," भिमाजी म्हणाला, "तोंड दाखवायला लाजत्यात, कारण मामांचा दबाव हाय. आतनं आपलेच."

बन्सीच्या घरी मात्र जरा अडलं. बन्सी पोस्टातून रिटायर झालेला. बुद्धविहाराच्या समोर त्याचं घर, दारात जास्वंद. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या, सत्यजीतचं सगळं ऐकून घेतलं, गटाराच्या उताराबद्दल दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "इचार करतो."

गावात असं उत्तर कुणी दिलेलं नव्हतं. सत्यजीत गोंधळला. भिमाजी गल्लीच्या टोकापर्यंत बोटांवर मोजत गेला. मग त्याचा चेहरा उजळला.

"अरं, बाकीच्यांनी इचार न करता दिलं. ह्यो इचार करून देनार. म्हंजी ह्याचं दीड धर."

हळूहळू भिमाजीला सगळीकडं खुणा दिसायला लागल्या. सत्यजीतला चिन्ह मिळालं होतं रोडरोलर. मामांना कपबशी. भिमाजीनं त्या दिवसापासून कपबशीतून चहा पिणं बंद केलं. हॉटेलात तो काचेचा ग्लास मागायचा, तो नसला तर तांब्यातून प्यायचा. एकदा दौंडला पाठीचं औषध आणायला गेला, तर रस्त्याच्या कडेला खराखुरा रोडरोलर उभा. टायर नसलेला, गंजलेला, वर एक शेळी बसलेली. भिमाजी एसटीच्या खिडकीतून त्याला हात जोडून बसला. कुठलं जागृत देवस्थान असेल म्हणून शेजारच्या बाईनंही जोडले.

"दौंडपर्यंत हवा हाय," त्यानं परत येऊन पारावर सांगितलं.

"दौंडच्या लोकांना आपल्या वॉर्डात मत असतंय व्हय रं?" आण्णानं विचारलं.

"मत नसतंय. हवा असती."

मतदानाच्या आधीच्या रविवारी दोघं शिक्रापूरला गेले. गावची बरीच पोरं तिथं खोल्या घेऊन कंपन्यांत कामाला. चौकात ट्रकांची रांग अशी लागलेली की बोलायला एकमेकांच्या कानात तोंड घालावं लागे. एका खोलीत वॉर्डातली बरीच पोरं एकत्र सापडली. कुणी दाढी करत होतं, कुणी नाइट शिफ्ट करून आडवं होतं.

"काका, टेन्शनच घेऊ नका," दाढीवाला अर्ध्या फेसातून म्हणाला. "आपलंच हाय. फक्त गाडी कोनती पाठवताय? मामा स्कॉर्पिओ पाठवत्यात."

"मामांनी बी इचारलं?"

"परवाच येऊन गेले. त्यांना बी सांगितलं आपलंच हाय म्हनून. उगं म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं?"

भिमाजी खोलीतून बाहेर पडला तो हसतच. "ऐकलंस? मामांना नुसतं मन न मोडायला सांगत्यात. पोरांनी स्वतः कबूल केलं."

"पण काका, आपल्याला पण तसंच सांगत नसतील कशावरून?" सत्यजीतनं विचारलं. क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस, त्याला वरून चांगला दिसणारा माल उलटा करून बघायची सवय.

भिमाजी चौकातच थांबला. मागून एक कंटेनर हॉर्न वाजवत होता. "आरं, आपल्याला कशाला खोटं सांगतील?" तो म्हणाला. "आपन तर निवडून येनार हाय."

या उत्तरात काहीतरी चुकतंय असं सत्यजीतला वाटलं, पण कंटेनरचा हॉर्न इतका मोठा होता की काय चुकतंय ते सापडेना.

त्या संध्याकाळी भिमाजीनं जेवताना बेरीज केली. सत्यजीतला आठशे मतं पडत होती.

"आवो, वॉर्डात सहाशे बी मतं न्हाईत," भागुबाई म्हणाली.

भिमाजीनं घास तोंडात तसाच धरून विचार केला. "वरची दोनशे हायत ना," तो म्हणाला, "तिलाच लाट म्हनत्यात."

दुसऱ्या दिवशी त्यानं गुलालाची पोती सांगितली, आणि विजयी मिरवणुकीवर फुलं उधळायला रस्त्याच्या कामावरचा जेसीबी सांगितला. जेसीबीवाला बिहारचा पोरगा. त्यानं एवढंच विचारलं, "चाचा, डालना किसपे है?"

"जो जितेगा उसपे," भिमाजी ऐटीत म्हणाला. नाव सांगण्याचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

विशेष म्हणजे आता गावालाही तसंच वाटायला लागलं होतं. भिमाजी दिवसभर लाट लाट म्हणत फिरायचा. लोक ऐकायचे, दुसऱ्याला सांगायचे, आणि दुसऱ्यानं सांगितलं म्हणून त्यांना ते खरं वाटायचं. हॉटेलवाल्यानं काचेचे ग्लास वाढवले. आण्णासुद्धा पेपर वाचताना घडी जपायला लागला.

मतदानाच्या दिवशी भिमाजी नवी टोपी घालून शाळेवर गेला. सत्यजीतच्या टेबलाला पोरांचा गराडा. चिठ्ठ्या, पाण्याच्या बाटल्या, गाड्या, गोंधळ. पलीकडं, मामांच्या टेबलावर मामा एकटे. प्लास्टिकच्या खुर्चीवर गुडघा धरून बसलेले. टेबलावर एक खरी कपबशी मांडलेली आणि तिच्यावर माशी. भिमाजीला बघून मामांनी अर्धवट उठून नमस्कार केला.

"भिमाजी, शब्द दिलाय न्हवं?"

"म्हंजी काय मामा. आपलंच हाय."

रांगेत उभं राहिल्यावर भिमाजीला पाठीमागं मामा दिसत नव्हते, पण त्यांचा गुडघा डोळ्यांपुढं होता. रांग पुढं सरकत होती आणि त्याच्या मनात एक भलतीच काळजी वाढत होती. आठशे मतं सत्यजीतला. मग मामांना उरलं काय? समजा शून्य पडलं, तर? एवढी वर्षं मेंबर असलेल्या माणसाला शून्य! मामींनीसुद्धा मत दिलं नाही असा त्याचा अर्थ होणार. म्हातारा त्या रात्री जेवेल का?

तो पुठ्ठ्याच्या आड गेला. मशीनवर वरती रोडरोलर, खाली कपबशी. रोडरोलर कसा ऐटीत उभा. त्याला कुणाची गरज दिसत नव्हती. कपबशी मात्र बिचारी कडेला. आणि आपण शब्दही दिलेला. आठशेतलं एक गेलं तर सातशे नव्व्याण्णव राहतात. तेवढ्यानं लाट काय ओसरते?

त्यानं कपबशी दाबली. मशीन लांबलचक वाजलं. एवढा वेळ वाजायचं काय कारण होतं, असं त्याला वाटून गेलं.

बाहेर येताना त्याला अन्नदान करून आल्यासारखं हलकं वाटत होतं. मामांच्या पुढून जाताना त्यानं त्यांच्याकडं इतक्या मायेनं बघितलं की मामांनी खिशातून रुमाल काढला.

मतमोजणी शिरूरला. भिमाजी गुलालाच्या पोत्यावर बसून टेम्पोतून गेला. मोजणीच्या खोलीत सत्यजीत आणि मामा, बाहेर झाडाखाली दोन्हीकडची माणसं. बघता बघता निकाल आला. सर्जेराव मामा एका मतानं विजयी.

सत्यजीतनं फेरमोजणी मागितली. मशीननं परत तेच सांगितलं. मशीनला वळण नव्हतं.

भिमाजी पोत्यावर बसून राहिला. मामांच्या माणसांनी गुलाल आणलेलाच नव्हता, कारण कुणाचीच तशी अपेक्षा नव्हती. ते संकोचत भिमाजीपाशी आले आणि पोतं मागितलं. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तो उठला. गावाच्या वेशीवर जेसीबी तयारच होता. पोरानं खाली वाकून विचारलं, "यही जीता क्या चाचा?" भिमाजीनं मान हलवली आणि झेंडूची फुलं मामांच्या डोक्यावर ओतली गेली. मामा इतके भांबावले की फुलातून बाहेर येत म्हणाले, "ह्ये वर कुनी सांगितलं?"

त्या दुपारी भिमाजी पाराच्या मावळतीच्या बाजूला जाऊन बसला. कुणी सांगायला लागलं नाही. उसाचा ट्रॅक्टर गेला, तोंडात धूळ आली. बुंध्याच्या पल्याड आण्णा पाय पसरून बसल्याचा आवाज आला, पण त्याच्या त्या बसण्यात जिंकलेल्या माणसाची मजा नव्हती.

"आण्णा, खुश न्हवं?" भिमाजीनं विचारलं.

पल्याड पेपरची घडी मोडल्याचा आवाज आला. मग आण्णा म्हणाला, "मी सत्यजीतला दिलं रं."

"तू? पैज मामांवर लावून?"

"तू लाट लाट करून डोकं उठवलंस. म्हनलं, पैज तर गेलीच, मत तरी वाया कशाला घालवायचं?"

तेवढ्यात बन्सी दळण घेऊन चालला होता. तो पाराशी थांबला. "पोराचं वाईट झालं," तो म्हणाला.

"तुमी कुणाला दिलं, बन्सीराव?" भिमाजीनं विचारलं. त्याला गद्दार सापडायला हवा होता, आणि तो दुसरा कुणीतरी असायला हवा होता.

"सत्यजीतला. गटाराचा उतार त्याला कळला."

"आन् शब्द तर न्हवता दिला."

"शब्द दिला न्हवता म्हनूनच देता आलं की," बन्सी म्हणाला आणि पिठाच्या गिरणीकडं गेला.

मग सत्यजीत आला. कपाळावर दुसऱ्याच्या विजयाचा गुलाल, कुण्या पोरांनी चुकून लावलेला. तो भिमाजीच्या शेजारी उन्हातच बसला. भिमाजीच्या छातीत धडधडायला लागलं. एका मताचा प्रश्न होता, आणि ते मत त्याच्या टोपीखाली बसलं होतं. सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. त्यानं घसा साफ केला. "सत्या..."

"काका, आधी माझं ऐका," सत्यजीत खाली मान घालून म्हणाला. "कंपनीत रिजेक्शन आलं की आम्ही मुळाशी जातो. सकाळपासून मी तेच करतोय. आणि कारण सापडलं."

भिमाजीनं टोपी दोन्ही हातांनी धरली. "कोन?"

"मी."

"काय?"

"अर्ज भरला त्या दिवशी मामांच्या पाया पडलो. ते म्हणाले, आशीर्वाद हाय, पन मत तरी मला दे. मी म्हणालो, मामा, आपलंच हाय. मतदानाला गेलो तर ते एकटे बसलेले. म्हटलं, आपण तर येतोयच. तुम्ही आठशे सांगितले होते. आणि स्वतःलाच मत द्यायचं म्हणजे कसं वाटतं काका, ताटात स्वतःच वाढून घेतल्यासारखं."

भिमाजीचे हात टोपीवरून खाली आले. मग त्याच्या अंगातून धडधड निघून गेली आणि त्या रिकाम्या जागेत असा संताप भरला की तो उन्हात उठून उभा राहिला.

"आरं, उमेदवार हायस का कोन हायस? स्वतःचं मत देत्यात व्हय कुनी दुसऱ्याला? लोकांनी जिवाचं रान केलं, मी तांब्यातनं चहा पिलो, आन् तू तिथं जाऊन दया दाखवतोस? एका मतावर माझी जागा गेली!"

"चुकलं काका."

"चुकलं म्हन नुसतं!" भिमाजी परत बसला. पण राग मनासारखा काढून झाल्यावर त्याचं डोकं आपोआप मूळच्या कामाला लागलं. सत्यजीतनं दयेनं दिलं. मग असे आणखी किती असतील? मतदानाला मामा एकटे बसलेले बघून साखरबाईही हळहळली होती. शिक्रापूरची पोरं म्हाताऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणत होती. म्हणजे मामांना पडलेली मतं मामांची नव्हतीच. ती सगळी सत्यजीतचीच होती, नुसती शिष्टाचारानं तिकडं गेलेली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज यायला लागलं.

"सत्या, पुढच्या बारीला आपन आलोच."

"काय सांगता काका."

"आरं, आठशे कुठं जात न्हाईत. फक्त एक करायचं. लाट हाय म्हनून न्हाई हिंडायचं. पडनार हाय म्हनून हिंडायचं. चेहरा पाडून. गुडघा धरून बसायला आतापासनं शीक."

सत्यजीतनं खरोखरच एकदा गुडघा धरून बघितला. भिमाजीनं हात जरा खाली घ्यायला सांगितला, मान वाकडी करायला सांगितली. आता बरं दिसत होतं. निदान चारशे तरी तेवढ्यावरच आले असते.

पल्याडून, सावलीतून, आण्णाचा आवाज आला.

"भिमा, पोरगं चुकलं म्हनतंय. मी बी सांगितलं. पन तू कुणाला दिलं ते न्हाई सांगितलंस रं?"

सत्यजीतनं मान वर करून काकांकडं बघितलं. ट्रॅक्टर येत नव्हता, हॉटेलातला रेडिओ बंद होता, गावात नेमकी त्याच वेळी सगळीकडं शांतता झाली होती.

भिमाजीनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"ह्या बाजूला ऊन लई हाय बाबा," तो म्हणाला. "ऐकू बी नीट येत न्हाई."